हंचनाळे मॅडम आणि भुईसफरचंद

हंचनाळे मॅडमना माणसं आवडत नसत. निदान झाडं तरी आवडत असतील असं लोक धरून चालत, कारण त्यांनी बसवनगुडीतल्या एका मुलींच्या कॉलेजात तीसेक वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं होतं. मला तेही खरं वाटत नाही. त्यांना आवडायचं ते फक्त बरोबर उत्तर. ते देणारं माणूस त्यांना आयुष्यात फारसं भेटलं नसावं. मी ओळखत होते तोवर त्यांचा चेहरा कायम पेपर तपासत असल्यासारखाच असे.

त्यांच्या घराचा तळमजला रिकामा आहे असं कळलं म्हणून मी गेले. पुण्याहून या कानडी शहरात येऊन मला दोन आठवडे झाले होते आणि मैत्रिणीच्या सोफ्यावर झोपून पाठ धरली होती. वरच्या मजल्यावर मॅडम आणि त्यांची धाकटी बहीण कमलमावशी राहत. दोघी मूळच्या निपाणीच्या. मॅडमनी मला दारातच उभं ठेवलं. इतर घरमालक विचारतात तसं त्यांनी नोकरी, लग्न, मित्र, मांसाहार यातलं काही विचारलं नाही.

"कांदा म्हणजे झाडाचा कुठला भाग?"

"मूळ," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटून घेतले. मागून कमलमावशी म्हणाल्या, "अक्का, लहान आहे की गं ती."

"लहान कुठली? पदवीधर आहे. पानं असतात ती, पानं! जाड झालेली. रोज सोलतेस ना? तेव्हा डोळे कुठं असतात?" मग किल्ली माझ्या हातात देत म्हणाल्या, "घर मिळेल तुला. मान मिळायचा नाही."

तो नाहीच मिळाला. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. मी 'पुणे' होते. 'ए पुणे, पाणी आलंय, मोटार लाव.' माझ्याआधी राहून गेलेला इंजिनिअर 'नागपूर' होता, आणि नागपूरनं रताळ्याला कंद म्हटलं होतं हे मला पहिल्याच आठवड्यात सांगण्यात आलं, जणू तो भांडी घेऊन पळाला होता.

मॅडमच्या गळ्यात काळ्या दोरीला एक भिंग असायचं. मंगळसूत्र नव्हतं, माळ नव्हती, भिंग होतं. बाजारात भाजीवाल्याच्या टोपलीवर वाकून त्या ते डोळ्याला लावत आणि भाजीवाला शांतपणे दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळे. आल्याला कोणी मूळ म्हटलं तर त्या पिशवी उचलून चालू लागत. लग्नपत्रिका आली की लाल पेन्सिलीनं शुद्धलेखन तपासून ती पत्रिका लग्नाच्या दिवशी यजमानाच्या हातात परत देत. 'आधी वर्णन, मग मत' हे त्यांचं पालुपद. कोणी 'किती सुंदर फूल!' म्हणालं की त्या म्हणत, "मत झालं. आता पाकळ्या मोज."

एकदा के. आर. पुरमच्या एका टोलेजंग सोसायटीतल्या मराठी मंडळानं त्यांना 'निसर्गाशी मैत्री' या विषयावर बोलायला बोलावलं. मी सोबत गेले. हॉलमध्ये पुण्या-मुंबईची संगणकवाली मंडळी मुलांना घेऊन बसली होती. सूत्रसंचालकानं 'आंटींसाठी जोरदार टाळ्या' म्हणताच मॅडमच्या कपाळावर आठी उमटली. मग एका गृहस्थानं आपल्या बाल्कनीतल्या कुंड्यांचे फोटो पडद्यावर दाखवले. प्रत्येक कुंडीला नाव दिलेलं. मॅडम उठल्या, पडद्याजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "नऊ कुंड्या. सहा नावं चूक. झाडाशी मैत्री नंतर करा, आधी ओळख करून घ्या." आणि खाली येऊन बसल्या. व्याख्यान एवढंच. परतीच्या रिक्षात त्यांनी भेट मिळालेलं रोप उलटंपालटं करून पाहिलं. त्याच्या चिठ्ठीवरचं नावही चूक होतं. त्या दिवशी त्या जवळजवळ आनंदी होत्या.

कमलमावशी म्हणजे दुसरं टोक. निपाणीत बालवाडी चालवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. नवरा वारल्यावर आणि मॅडमचे गुडघे धरल्यावर त्या बहिणीकडे राहायला आल्या. स्वयंपाक, बँक, गॅस, शेजारपाजार सगळं त्यांच्याकडे. दूधवाल्याशी कानडीत, माझ्याशी मराठीत आणि गच्चीवरच्या कुंड्यांशी दोन्हीत बोलत. गच्चीवर मॅडम कधी जात नसत. गुडघे हे एक कारण आणि दुसरं कारण त्या स्वतःच सांगत, "तिची कोथिंबीर काय बघायची?" कमलमावशींना मधुमेह होता. सकाळ-संध्याकाळ गोळ्या आणि चहात साखर नाही, या गोष्टीचं त्यांना फार दुःख होतं.

आता माझ्या नोकरीबद्दल सांगायला हवं, आणि सांगताना मला काही अभिमान वाटत नाही. बोम्मसंद्र्याला एका पत्र्याच्या शेडमध्ये आमची कंपनी होती. जगभरातून भुकट्या, पाक आणि वाळवलेल्या चकत्या मागवायच्या, सुंदर डब्यात भरायच्या आणि शहरातल्या घाबरलेल्या श्रीमंतांना विकायच्या, हा धंदा. डब्यांवरचा मजकूर मी लिहायची. कुठल्याही मुळीला 'प्राचीन' आणि कुठल्याही पानाला 'वरदान' म्हणण्याचा मला पगार मिळत असे.

त्या वर्षी आमच्या साहेबांना याकोन सापडला. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातलं पीक, आपल्याकडे पूर्वेच्या डोंगरांत थोडं पिकतं, आणि तिकडे त्याला भुईसफरचंद म्हणतात. साहेबांनी एक पेटी मागवली. शेडमागे चार झाडंही लावून घेतली, गिऱ्हाइकांना फोटो दाखवायला. मी मजकूर लिहिला: 'अँडीजचा अमृतकंद! पिष्टमय ताकदीचा खजिना, मधुमेहींचा मित्र!' आणि छापायला जाण्याआधी, कुठल्या दुर्बुद्धीनं कोण जाणे, तो मॅडमना दाखवला. सोबत नमुन्याला तीन याकोन नेले.

लाल पेन्सिल निघाली. पाच ओळींच्या मजकुरात त्यांनी सतरा चुका काढल्या.

"कंद? कुणी सांगितलं कंद?" त्यांनी याकोन हातात घेतला. तपकिरी, दोन्ही टोकांना निमुळता, दिसायला थेट रताळं. भिंग लावून त्यांनी तो टोकापासून टोकापर्यंत फिरवला. "बटाट्याला डोळे असतात, कारण बटाटा खोड आहे. याला आहेत डोळे? दाखव. नाहीत. हे मूळ आहे, साठवणीचं. हे पुरलंस तर कुजेल, उगवायचं नाही. उगवतं ते याच्या वरचं, खोडाच्या बुडाशी असतं ते, लालसर, डोळे असलेलं. तुझ्या साहेबाला माहीत आहे?"

"नसेल," मी म्हटलं.

"कुळ कुठलं?"

मी मजकुराचा कागद उलटून पाहिला, मागं लिहिलेलं असल्यासारखा.

"सूर्यफुलाचं. माणसापेक्षा उंच वाढतं, वर पिवळी फुलं येतात, एवढीशी. सूर्यफूल, डेलिया, हा, एकाच घरचे. आणि पिष्टमय म्हणे! कमळे, बटाटा आण. आणि माझी आयोडीनची बाटली."

कमलमावशींनी दोन्ही आणलं. मॅडमनी बटाट्याची चकती कापली, याकोनची कापली. याकोन आतून पांढरट, पाणीदार, काकडीसारखा करकरीत होता. बटाट्यावर आयोडीनचा थेंब पडला आणि डाग बघता बघता निळाकाळा झाला. याकोनवर पडला तो पिवळा-तपकिरीच राहिला.

"दिसलं? स्टार्च नाही. एक कणसुद्धा नाही. तुझा खजिना रिकामा." मॅडमनी माझ्या कागदावर टिचकी मारली. "वीसपैकी तीन. तेही अक्षराला."

कमलमावशी दाराला टेकून उभ्या होत्या. त्यांनी याकोनची एक फोड उचलून तोंडात टाकली होती. "गोड लागतंय की गं अक्का. स्टार्च नाही म्हणजे मग हे मला चालेल काय?"

"तुला काय कळायलंय त्यातलं?" मॅडम मागे न बघता म्हणाल्या. "चहा टाक जा."

कमलमावशी चहा टाकायला गेल्या. मॅडमनी मला आणखी दहा मिनिटं माझ्या अज्ञानाबद्दल ऐकवलं. चहा छान झाला होता.

डब्यावर अर्थातच जुनाच मजकूर छापला गेला. साहेब म्हणाले, 'कंद' शब्दाला वजन आहे, 'मूळ' म्हटलं की मुळा आठवतो.

काही दिवसांनी कमलमावशींनी मला जिन्यात गाठलं. उरलेला एक याकोन त्यांनी कुंडीत लावून पाहिला होता, तो कुजला. "अक्का बरोबर सांगत होती. ते डोळेवालं आणून देशील काय? स्वल्प. कुणाला सांगू नको." मी शेडमागच्या झाडाच्या बुडाचा तुकडा आणून दिला. बहिणीला चकित करायचं असेल, एवढंच माझ्या डोक्यात आलं. त्यापुढचा विचार मी केला नाही. विचार करण्याचा मला पगार नव्हता.

गच्चीवर झाडं वाढली. पानं तळहाताहून मोठी, लव असलेली, देठाला पंख फुटल्यासारखी. दिवाळीपर्यंत ती कठड्याच्या वर डोकावू लागली आणि टोकाला पिवळी फुलं आली. खाली खुर्चीत बसून मॅडम वर्तमानपत्रातल्या बागकामाच्या सदरातल्या चुका काढत होत्या, आणि त्यांच्या डोक्यावर दहा फुटांवर सूर्यफुलाच्या कुळातलं एक दुर्मीळ झाड त्यांच्या बहिणीनं एकटीनं वाढवलं होतं. त्यांना पत्ता नव्हता.

पानं सुकल्यावर कमलमावशींनी मुळं उपटली. पहिल्या दिवशी ती फिकी लागली म्हणून गच्चीवर चटई टाकून उन्हात पसरली. चार-पाच दिवसांत सालं सुरकुतली आणि मुळं मधासारखी गोड झाली. मलाही त्यांनी एक वाटी आणून दिली. मी मिटक्या मारत खाल्ली.

संक्रांतीनंतर त्यांच्या डाव्या पायाला चप्पल चावली. फोड आला, फुटला, बरा होईना. त्या हळद लावत राहिल्या, लंगडत जिना चढत राहिल्या आणि मॅडमनी विचारलं तर 'काही नाही' म्हणत राहिल्या. एका दुपारी ताप चढला, बोलणं असंबद्ध झालं, तेव्हा मॅडमनी खाली येऊन माझं दार वाजवलं. पहिल्यांदाच. आम्ही दोघींनी त्यांना रिक्षात घातलं. मॅडमनी रस्ताभर "सरी, सरी, हळू" एवढंच, कानडीतलं 'बरं, बरं' मिसळून, म्हटलं, रिक्षावाल्याला की बहिणीला ते कळलं नाही.

दवाखान्यात साखर तपासली आणि तिथली तरुण डॉक्टर एकदम उभीच राहिली. दोन दिवसांनी कमलमावशी शुद्धीवर आल्या तेव्हा तिनं विचारलं, गोळ्या कुठल्या चालू आहेत?

"बंद केल्या," कमलमावशी म्हणाल्या. "दोन महिने झाले. त्याच्याऐवजी भुईसफरचंद खाते. रोज. गच्चीवर लावलंय मी."

मॅडम पायाशी उभ्या होत्या. त्यांनी सगळं विचारून घेतलं. कधी काढलं, किती खाल्लं, कसं ठेवलं. उन्हात ठेवलं हे ऐकल्यावर त्या खाली बसल्या.

"कमळे, त्यात स्टार्च नसतो, पण गोडी असतेच. वेगळ्या जातीची, अंगाला चटकन न लागणारी. ती उन्हात मोडते. मोडली की साधी साखर होते. तू साखर खात होतीस गं. वर गोळ्या बंद."

"स्टार्च नाही म्हणालीस की तूच. एक कणसुद्धा नाही म्हणालीस."

"मग मला विचारायचं होतंस!"

"विचारलं होतं," कमलमावशी म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "चहा टाक म्हणालीस."

डॉक्टर माझ्याकडे बघू लागली. मी सलाईनच्या बाटलीकडे बघू लागले.

डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली.

शस्त्रक्रिया झाली त्या संध्याकाळी घरी परतल्यावर मॅडमनी मला हाक मारली आणि कठड्याला धरून गच्चीचा जिना चढू लागल्या. एकेका पायरीवर थांबत. मी हात पुढे केला तो त्यांनी झिडकारला. गच्चीवर वाळलेले दांडे उभे होते, चटईवर शिल्लक मुळं पडली होती, आणि एका टोपलीत पुढच्या लागवडीसाठी डोळे असलेले लालसर तुकडे वेगळे करून, राखेत घोळवून ठेवले होते. एकही चुकून दुसरीकडे पडलेला नव्हता. मॅडमनी टोपली खाली ठेवून एकेक तुकडा भिंगाखाली पाहिला. मग चटईवरचं एक मूळ पुसून चावलं.

"गोड आहे," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "माझ्या एमएस्सीच्या पोरींनी एवढं नीट केलं नसतं."

बहिणीचं कौतुक त्यांनी माझ्यासमोर केलेलं एवढंच. ऐकायला बहीण नव्हती. कमलमावशींना घरी आणून महिना झाला तरी मॅडमनी ते तिला सांगितलं नाही, याची मला खात्री आहे.

दुसऱ्या आठवड्यात त्या न सांगता आमच्या शेडमध्ये आल्या. साहेबांच्या टेबलावर याकोनचा डबा आपटून म्हणाल्या, "यावर लिहा की गोळ्या बंद करू नका. आणि ताजा विकाल तेव्हा लिहा की उन्हात ठेवला की साखर वाढते." साहेब गोड हसले. "आंटी, पॉइंट चांगला आहे. पण गिऱ्हाईक घाबरतं ना." मग त्यांनी मॅडमना मोरिंग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या पाल्याच्या भुकटीचा एक डबा भेट दिला. मॅडमनी तो फाटकाबाहेरच्या गायीपुढे रिकामा केला. गायीनंही तोंड फिरवलं.

परतताना रिक्षात मी माफी मागायचा प्रयत्न केला. तुकडा मीच आणून दिला होता, 'मधुमेहींचा मित्र' वगैरे मीच लिहिलं होतं.

"गप्प बस," त्या म्हणाल्या. "तुझ्या मजकुरात सतरा चुका होत्या. माझी एकच." आणि सिल्क बोर्डाच्या सिग्नलला रिक्षा अडकली तेवढा सगळा वेळ त्या बाहेर बघत राहिल्या.

उगादी, म्हणजे आपला पाडवा, झाल्यावर कमलमावशी निपाणीला निघून गेल्या. स्वतःच्या घरी, नवऱ्यानं बांधलेल्या दोन खोल्यांत. पुतण्या न्यायला आला होता. सामान बांधताना मी म्हटलं, "मावशी, इथं डॉक्टर जवळ आहेत. राहा ना." त्या म्हणाल्या, "तिच्याशी बोलायचं म्हणजे परीक्षेला बसल्यासारखं असतंय बघ. पायाचं काही नाही. पण या वयात नापास व्हायचा कंटाळा आलाय." मॅडम आतल्या खोलीत होत्या. दार उघडं होतं. गाडी सुटेपर्यंत त्या बाहेर आल्या नाहीत.

त्यानंतरचे तीन महिने मी वरून येणारे स्वयंपाक जळल्याचे वास घेतले. रोज संध्याकाळी सहाला मॅडम फोन लावत. खाली ऐकू येई ते असं: "गोळी घेतलीस? ... पाय? ... बरं." पलीकडून याहून जास्त काही येत नसावं. एकदा त्यांनी विचारलं, "आणि काय म्हणतेस?" आणि पाठोपाठ फोन खाली ठेवल्याचा आवाज आला.

मी ती नोकरी सोडली. सदसद्विवेकबुद्धीनं नव्हे, के. आर. पुरमला बरी नोकरी मिळाली म्हणून, आणि राहायलाही तिकडेच जायचं ठरलं. घर सोडायच्या आदल्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "उद्या सकाळी मला मॅजेस्टिकला सोड. निपाणीची बस आहे." कमलमावशींना कळवलंय का विचारलं तर म्हणाल्या, "कळवलं तर नको म्हणेल."

बसमध्ये चढताना त्यांनी कंडक्टरला गावांची नावं चुकीच्या क्रमानं ओरडल्याबद्दल दोन शब्द ऐकवले. खिडकीशी बसल्या. मी खाली उभी. इंजिन सुरू झाल्यावर त्यांनी काच सरकवली.

"पुणे, तिनं दार उघडलं नाही तर गं?"

मी खिडकीजवळ सरकले. त्या वाट बघत राहिल्या. तेवढ्यात बस हलली आणि मला त्यांचा काचेवर ठेवलेला हात तेवढा दिसला. मॅडमना मी पाहिलं ते शेवटचं.

चार दिवसांनी न राहवून मीच कमलमावशींना फोन केला. मॅडम पोचल्या का?

"पोचली की. रात्री भाचीकडं उतरली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इकडं आली. फाटकाबाहेर उभी. कडी वाजवली नाही, हाक मारली नाही, नुसती उभी उन्हात, पिशवी धरून."

"मग?"

"मला दिसत होती खिडकीतनं. म्हटलं, राहू दे उभी स्वल्प." मागून कसलातरी भांड्यांचा आवाज आला आणि मॅडमचा आवाज, काहीतरी कुठं ठेवलंय म्हणून विचारणारा. कमलमावशींनी त्याला उत्तर दिलं नाही. मला म्हणाल्या, "पुढ्यात घेवडा घेतला होता मी. अर्धा किलो होता. तो सगळा निवडून झाला, मग उठले."